दुसऱ्या रकान्यातली माणसं

कोविडवरची औषधं तपासणाऱ्या, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रिकव्हरी चाचणीतला डेक्सामेथासोन या औषधाचा तक्ता मी इतक्यांदा वाचलाय की त्यातले आकडे पाठ झालेत. पहिल्या रकान्यात औषध मिळालेले २१०४ रुग्ण. त्यांतले ४८२ जण २८ दिवसांच्या आत गेले. शेजारच्या रकान्यात ४३२१ रुग्ण. त्यांतले १११० गेले. टक्क्यांत सांगायचं तर २२.९ आणि २५.७.

१६ जून २०२० रोजी हा निकाल जाहीर झाला आणि जगभर चर्चा सुरू झाली ती पहिल्या रकान्याची. साहजिकच होतं. कोविडने मरणारी माणसं वाचवणारं पहिलं औषध सापडलं होतं. तेही नवं कोरं नाही, डॉक्टरांच्या कित्येक वर्षांच्या ओळखीचं, जवळपास कुठेही मिळणारं स्टेरॉइड. दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये फरक सगळ्यात मोठा होता: औषध मिळालेल्यांतले २९.३ टक्के गेले, न मिळालेल्यांतले ४१.४ टक्के.

मला मात्र त्या दुसऱ्या रकान्याबद्दल लिहायचंय. ज्यांना ते औषध मिळालं नाही, त्या ४३२१ माणसांबद्दल. त्यांना नेहमीचे उपचार मिळाले. ऑक्सिजन मिळाला, देखभाल झाली, डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. पण कॉम्प्युटरने टाकलेल्या चिठ्ठीत त्यांचं नाव डेक्सामेथासोनसमोर निघालं नाही. ती माणसं नसती, तर २२.९ या आकड्याला काहीच अर्थ नव्हता. जास्त म्हणावा की कमी, हेही कळलं नसतं. त्यानंतर जगात जिथे जिथे डेक्सामेथासोनने माणूस वाचला, तिथे या दुसऱ्या रकान्याचाही वाटा आहे. तो कुणी मोजत नाही.

महासाथीच्या काळात मी एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर होते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. चाचणीच्या निकषांत रुग्ण बसतो का ते तपासायचं, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून संमती घ्यायची, रुग्णाची माहिती संगणकात भरून गट काढायचा, रोजच्या नोंदी फॉर्मात उतरवायच्या आणि २८ व्या दिवशी फोन करायचा, हे माझं काम. अनेक केंद्रांवर चालू असलेल्या एका मोठ्या चाचणीतलं आमचं एक छोटंसं केंद्र होतं.

संमती घेणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. एरवी आपण समोर बसून, पाणी देऊन, दोनदा समजावून सांगतो. इथे पीपीईमध्ये माझे फक्त डोळे दिसायचे, तेही चष्म्यावर वाफ धरलेली. हाय-फ्लो ऑक्सिजनचा आवाज असा की मला ओरडूनच बोलावं लागे. संमतीपत्राचा कागद एकदा वॉर्डात गेला की बाहेर आणायचा नाही, असा नियम. मग रुग्ण सही करायचा, आतली नर्स तो कागद काचेला लावून धरायची आणि मी बाहेरून मोबाइलवर त्याचा फोटो काढायचे. ती सही बऱ्याचदा सही वाटायचीच नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाने पेन धरून ओढलेली ती एक रेघ असायची.

मी सांगायचे ते असं: "या औषधाचा उपयोग होतो की नाही, हे आम्हाला माहीत नाही. ते तुम्हाला मिळेल की नाही हे मी ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाहीत. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. नाही मिळालं तरी बाकीचे सगळे उपचार चालूच राहतील. नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा, त्याने तुमच्या उपचारांत काही फरक पडणार नाही."

यातलं पहिलं वाक्य पचवायला सगळ्यात जड जायचं. एका रुग्णाचा मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्हालाच माहीत नाही म्हटल्यावर आम्ही विचारायचं कुणाला?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "आत्ता तरी कुणालाच माहीत नाही, दादा. म्हणूनच हे चाललंय." तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरं, बाबांना विचारा. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही." बाबा हो म्हणाले. चिठ्ठीत त्यांना नेहमीचे उपचार आले.

त्या दिवसांत 'माहीत नाही' असं म्हणणाऱ्यांपेक्षा 'माहीत आहे' म्हणणारे कितीतरी जास्त होते. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरातून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाचा एक छोटा अभ्यास आला. औषध घेतलेल्यांच्या नाकातला विषाणू लवकर नाहीसा झाला, असा त्याचा दावा होता. अभ्यासात औषध सुरू केलेले रुग्ण होते २६. पण हिशेबात धरले फक्त २०. गळलेल्या सहांपैकी तिघांना आयसीयूत हलवावं लागलं होतं, एक दगावला होता, एक रुग्णालय सोडून गेला होता आणि एकाने मळमळीमुळे औषध थांबवलं होतं. म्हणजे ज्यांची तब्येत बिघडली तेच हिशेबातून बाहेर, आणि उरलेल्यांवरून औषध गुणकारी. वर गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हतेच. तेवढ्या बळावर जगभरातल्या लोकांनी त्या गोळ्या घेतल्या. तो लेख अधिकृतपणे मागे घेतला गेला डिसेंबर २०२४ मध्ये.

या आजारात मुळात बहुतेक माणसं बरी होतात. त्यामुळे कुठलंही औषध द्या, बहुतेक जण बरेच होणार, आणि देणाऱ्याला वाटणार की आपल्या औषधाने झाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. हजारो खाटांवर रोज पडत असलेल्या या गाठीमुळे अत्यंत प्रामाणिक, अनुभवी डॉक्टरांचीही फसगत होते. मी ती जवळून पाहिली आहे, आणि त्यात त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. समोर माणूस गुदमरत असताना हात बांधून उभं राहणं कुणाला जमेल?

प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाचं, तेच झालं. त्यामागचा तर्क इतका सरळ होता की शंका घ्यायलाही संकोच वाटावा. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं असतात, ती काढून आजारी माणसाला द्यायची. १९१८ च्या फ्लूच्या साथीतही हा उपाय झाला होता. २०२० आणि २०२१ मध्ये नातेवाइकांनी प्लाझ्मासाठी जी वणवण केली, ती आठवली की आजही गलबलून येतं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ती काडी मिळवण्यासाठी ज्यांचं आधीच सगळं पणाला लागलंय अशी माणसं रात्ररात्र फोन करत होती.

या प्रश्नाचं जगातलं सुरुवातीचं भक्कम उत्तर भारतातून आलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 'प्लॅसिड' चाचणी. एप्रिल ते जुलै २०२०, ३९ रुग्णालयं, मध्यम आजार असलेले ४६४ रुग्ण. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला. न मिळालेल्या २२९ जणांपैकी ४१ जणांचं तेच झालं. १९ टक्के आणि १८ टक्के. काही फरक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. पुढे रिकव्हरीने ११ हजारांवर रुग्णांमध्ये तोच प्रश्न विचारला, तिथेही दोन्ही बाजूंना मृत्यू २४ टक्केच. तरीसुद्धा भारतातल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला. दुसऱ्या लाटेतली ती सगळी धावपळ उत्तर छापून आल्यानंतरची होती. मला हे फार लागतं. त्या ४६४ जणांनी स्वतःच्या आजारपणात दिलेलं उत्तर आपण सहा-सात महिने ऐकलंच नाही.

एकच औषध एका टप्प्यावर तारतं आणि दुसऱ्या टप्प्यावर मारू शकतं, हेही दुसऱ्या रकान्यामुळेच कळलं. डेक्सामेथासोनच्याच तक्त्यात खाली एक ओळ आहे, ती फार कमी लोकांनी वाचली. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात स्टेरॉइड मिळालेल्यांतले १७.८ टक्के गेले आणि न मिळालेल्यांतले १४. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पण फायदा नाही एवढं त्यातून स्वच्छ दिसत होतं, आणि नुकसानाची शक्यता उघड होती. कारणही समजण्यासारखं आहे. साधारण पहिल्या आठवड्यात शरीराची लढाई विषाणूशी असते, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देणं म्हणजे आपल्याच बाजूचे हात बांधणं. त्यानंतर ज्यांची फुफ्फुसं बिघडतात, त्यांच्यात बरंचसं नुकसान स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या उद्रेकाने होत असतं. तेव्हा तेच औषध जीव वाचवतं. २०२१ मध्ये घरच्या घरी, ताप आला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टेरॉइड सुरू केलेले किती रुग्ण आम्ही पाहिले! त्याच वर्षी भारतात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, रुग्ण हजारोंनी वाढले. त्यामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अवाजवी वापर हे ठळक कारण होतं. ती खालची ओळ जून २०२० पासून सगळ्यांसमोर होती.

रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. आयसीयूबाहेरच्या रुग्णांना पूर्ण मात्रेचा फायदा दिसला, आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांना दिसला नाही.

आता २८ व्या दिवसाच्या फोनबद्दल. फॉर्मात पर्याय तीनच असायचे: जिवंत, मृत, संपर्क झाला नाही. तिसऱ्या पर्यायाची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती. मार्सेयच्या त्या सहा जणांसारखी माणसं हिशेबातून गळाली की निकाल वाकडा होतो. त्यामुळे फोन लागला नाही की पुन्हा लावायचा, दुसऱ्या नंबरावर लावायचा, शेजाऱ्यांच्या नंबरावर लावायचा. कधी रुग्ण स्वतःच फोन उचलायचा, अजून धाप लागलेल्या आवाजात "हां, बोला" म्हणायचा, आणि मला खुर्चीतल्या खुर्चीत हुंदका यायचा. कधी फोन उचलणारी व्यक्ती माझं नाव ऐकताच काही बोलू शकायची नाही. घरी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी गेलेली माणसंही होती, आमच्या रुग्णालयाच्या नोंदीत ती 'बरे होऊन घरी' अशी होती. फोन केला नसता तर ती तशीच राहिली असती.

ज्या मुलाबद्दल वर लिहिलं, त्याचे वडील गेले. २८ व्या दिवशी मी फोन केला तेव्हा माझे प्रश्न संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? बाबांना औषधवाला गट आला असता तर?"

तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं, आणि मी त्याला तसंच सांगितलं. काही महिन्यांनी चाचणीचा निकाल लागला. त्या औषधाने मृत्यूंमध्ये काहीही फरक पडला नव्हता. म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर आता होतं: काही वेगळं झालं असतं असं मानायला आधार नाही. तुमच्या वडिलांचं काही हुकलं नाही, आणि त्यांच्यामुळे पुढच्या किती रुग्णांचं एक निरुपयोगी औषध टळलं. पण ते सांगायला मी फोन करू शकत नव्हते. चाचणी बंद झाली होती, संपर्काच्या याद्या सीलबंद होऊन अभिलेखात गेल्या होत्या, आणि सहभागी रुग्णांना निकाल कळवण्याची तरतूद आराखड्यात कुठेच नव्हती. मी विचारलं, तर वरून उत्तर आलं की निकाल प्रसिद्ध झालाय, कुणालाही वाचता येईल. इंग्रजीत, संशोधनाच्या नियतकालिकात!

याबाबत माझं मत ठाम आहे. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिमत्तेचा हेलसिंकी जाहीरनामा स्पष्ट सांगतो की सहभागी झालेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय मिळायला हवा. हे उपकार नव्हेत. ज्याच्या रक्तावर, छातीच्या फोटोंवर आणि मृत्यूच्या तारखेवर आपण निष्कर्ष काढला, त्याच्या घरी तो निष्कर्ष पोचायलाच हवा.

आकड्यांमागे खरी माणसं आहेत की नाहीत हेच कळत नाही, असं उलट बाजूचं उदाहरणही याच साथीत घडलं. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक लेख आला. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीच्या संग्रहातली माहिती, ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर रुग्ण. निष्कर्ष असा की या औषधाने मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीतला तो गट तात्पुरता थांबवला. मग अभ्यासक आकडे तपासू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियातले मृत्यू त्या देशाच्या नोंदीपेक्षा जास्त निघाले. कंपनीने मूळ नोंदी त्रयस्थ तपासनिसांना दिल्या नाहीत, आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी लेख मागे घेतला. त्या ९६ हजारांपैकी खरे किती होते, हे कुणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी कधी २८ व्या दिवसाचा फोन गेला नव्हता, कुणी काचेला कागद लावून धरला नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, रिकव्हरीने खऱ्या माणसांचं उत्तर दिलं: हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नाही. अंतिम हिशेबात औषध मिळालेल्या १५६१ पैकी ४२१ जण गेले होते, न मिळालेल्या ३१५५ पैकी ७९०. २७ टक्के आणि २५ टक्के.

उपचारांपलीकडे हा आजार समजून घेण्यातही रुग्णांनी जे दिलं, त्याची दोन उदाहरणं माझ्या मनात घर करून आहेत. पहिलं मृतांचं. मे २०२० मध्ये सात कोविड मृतांच्या फुफ्फुसांची फ्लूने गेलेल्या सात जणांच्या फुफ्फुसांशी तुलना प्रसिद्ध झाली. कोविडच्या फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांमध्ये सूक्ष्म गुठळ्या नऊ पट होत्या. सात घरांनी, त्या धास्तीच्या दिवसांत, शवविच्छेदनाला होकार दिला म्हणून हे दिसलं.

दुसरं उदाहरण असं की धडधाकट माणूस अचानक का कोसळतो, या प्रश्नाचा एक तुकडा सप्टेंबर २०२० मध्ये सापडला. विषाणू शिरताच आपल्या पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांच्या रक्तात शोधलं, तर १०१ जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं निघाली. त्यांतले ९५ पुरुष. आणि ज्यांना आजार सौम्य होता किंवा लक्षणंच नव्हती, अशा ६६३ जणांत? एकातही नाही. इथेही शोध लागला तो दुसऱ्या रकान्यामुळे. ठणठणीत असताना कुणीतरी येऊन "तुमचं रक्त हवंय" म्हणालं आणि त्या ६६३ जणांनी हात पुढे केला.

महिनोन्महिने बरं न वाटणाऱ्या रुग्णांनी तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. डॉक्टर "तपासण्या नॉर्मल आहेत" म्हणत असताना त्यांनी स्वतःच एकत्र येऊन प्रश्नावली बनवली. ५६ देशांतल्या ३७६२ जणांची उत्तरं गोळा केली आणि २०२१ मध्ये ती रीतसर प्रसिद्ध केली. लाँग कोविडचं सुरुवातीचं एक सविस्तर चित्र रुग्णांनी काढलेलं आहे. तिथे निकाल घरी पोचवण्याचा प्रश्नच आला नाही, कारण संशोधन घरातूनच झालं होतं.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत चाचण्या उभ्या राहीपर्यंत साथ ओसरली होती. त्यातून शहाणं होऊन काहींनी आराखडे आधीच तयार ठेवले, म्हणून २०२० मध्ये काही चाचण्या इतक्या झटपट उभ्या राहिल्या. रिकव्हरीचा आराखडा लिहिल्यापासून पहिला रुग्ण दाखल व्हायला नऊ दिवस लागले. ते गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. पण पुढच्या साथीसाठी जे आराखडे आज कपाटात तयार आहेत, त्यांच्यात शेवटी एक पान जोडायला हवं: निकाल लागल्यावर सहभागींना, ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना, त्यांच्या भाषेत, कोण, कधी, कसं सांगणार. त्यासाठी नंबर जपून ठेवण्याची परवानगी संमतीपत्रातच घेतलेली असावी आणि फोन करणाऱ्याच्या पगाराची सोयही असावी. मी आता ज्या अभ्यासांवर काम करते, त्यांच्या संमतीपत्रात 'निकाल कळवावा का?' हा प्रश्न घालायचा आग्रह धरते. संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने आजवर कधी हरकत घेतलेली नाही. आणि लोक 'हो' वर खूण करतात.

तुमच्या घरातलं कुणी तेव्हा एखाद्या चाचणीत असेल, तर संमतीपत्राची प्रत शोधा. त्यावर अभ्यासाचं नाव, मुख्य संशोधकाचं नाव आणि एथिक्स कमिटीचा संपर्क असतो, बऱ्याचदा नोंदणी क्रमांकही असतो. त्या क्रमांकावरून चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत अभ्यास सापडतो. नाही सापडला तर कमिटीला दोन ओळींचं पत्र लिहा: आमचा माणूस अमुक महिन्यात या अभ्यासात होता, निकाल काय लागला, आणि त्याला कोणता गट आला होता? कितीही वर्षं झाली असली तरी विचारा.